देवाच्या एडक्याची लोकर

निमोणे, ता. शिरूर
१२ जानेवारी २०२५

बिरदेव,

पाकीट बघून दचकू नकोस. कोणी गेलेलं नाही आणि कोणाचं लग्नही नाही. तू माझा फोन उचलत नाहीस म्हणून पोस्टात जाऊन पाकीट आणलं. तिथल्या बाईंनी दोनदा विचारलं, "पत्रच टाकायचंय ना?" आमच्या वैष्णवीला हसू आवरेना. पोरगी आता पुण्याला शिकते, सुट्टीला आलीय, आणि तिच्यामुळंच हे सगळं सुरू झालं.

परवा तिनं मोबाईलवर काहीतरी लावलं आणि मी चहाचा कप घेऊन जागीच उभा राहिलो. अरे, आपली मालिका! ती विलायती! लांब टांगांचा, बिनकामाचा तो श्रीमंत साहेब आणि काळ्या कोटातला त्याचा नोकर. साहेबानं रोज नव्या भानगडीत पाय घालायचा, नको त्या पोरीशी लग्न ठरवून बसायचं, आत्यांच्या नावानं थरथरायचं, आणि नोकरानं त्याला अलगद बाहेर काढायचं. २००२ साली केबलवर दर रविवारी दुपारी लागायची, आठवतं? मी पलंगावर, तू खाली पोत्यावर, आणि वच्छलाआत्या दारातून, "मेल्यांनो, कामं संपली का जगातली?" इंग्रजी मला येत नव्हतं, तुलाही नव्हतं. पण तू दोघांचे आवाज काढून सगळी गोष्ट मराठीत सांगायचास. हसून हसून माझ्या पोटात दुखायचं.

आता वैष्णवी अर्थ सांगते आणि मी तोंडात बोट घालतो. तू सगळं थापा मारून सांगितलंस रे! तू अंगठी हरवली म्हणायचास तिथं अंगठीच नाही. पण थापाड्या, तुझी गोष्ट त्यांच्यापेक्षा बरी होती. एकच तू सांगितलं नव्हतंस. प्रत्येक भागाच्या शेवटी नोकर साहेबाकडून काहीतरी सोडवून घेतो. साहेबाचा आवडता रंगीत कोट, नाहीतर एखादी भयंकर टोपी. साहेबाला वाचवलं की साहेबानं जीव लावलेली एखादी वस्तू जाते. तुझ्या गोष्टीत नोकर कधीच काही मागत नव्हता. हे बघितल्यापासून मला उगाच चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

असो. काम असं की यंदा चैत्रात बिरोबाच्या जत्रेच्या कमिटीचा अध्यक्ष मी आहे. करमणुकीला नेहमीचा ऑर्केस्ट्रा नको, आपलं ते साहेब-नोकराचं नाटक परत बसवू. कॉलेजच्या गॅदरिंगला पहिला नंबर आला होता, तो कप अजून आमच्या शोकेसमध्ये आहे. लिहिलं होतंस तूच. परत लिही.

आणखी एक. तुझे आबा यंदा देवाच्या काठीचा मान सोडतायत. गुडघा चालत नाही म्हणतात. मान तुझ्या चुलतभावाला, साहेबरावला द्यायचा असं त्यांनी कमिटीला सांगितलंय. माइकवरून मलाच जाहीर करायचंय. तू असतास तर बरं दिसलं असतं. जुनं झालं गेलं, आता कोण धरून बसतं!

तुझा,
दत्ता

•

पाटस, ता. दौंड
२४ जानेवारी

दत्ता,

तुझं पत्र कारखान्याच्या वजनकाट्यावर आलं. उसाच्या गाड्यांची रांग हायवेपर्यंत हुती, तवा खिशात घातलं आन् दोन दिसांनी वाचलं. पत्र बरं पडतं. मधी कुणाला बोलता येत न्हाई.

नाटक लिहायचं न्हाई.

शेवटी नोकर काय मागतो ते मला तवाच ठावं हुतं. त्याला इंग्रजी कशाला लागतंय? साहेबाचा कोट नोकर दोन बोटांत धरून बाहीर नेतोय, हे दिसतं की. मीच सांगत नव्हतो. तू मालकाचा पोरगा. घर तुमचं, टीव्ही तुमचा. नोकर मागून घेतो असं सांगितलं असतं तर तुला वाटलं असतं मी मागतोय.

जुनं झालं गेलं म्हणतोस. तुझं झालं आसंल. बावीस वर्सं जत्रंत समद्यांच्या कपाळाला आबा भंडारा लावत्यात. मला सोडून. मी पहिली दोन वर्सं उभा ऱ्हायलो रांगेत. आबा माझ्यापाशी यायचे, हात मागं घ्यायचे, आन् माझ्या शेजारच्याला लावायचे. तिसऱ्या वर्सापासनं मी आलोच न्हाई. माझ्या लग्नाला आबा आले, पर अक्षता टाकून लगीच गेले. आईकडनं निरोप येत्यात, "आबांनी खुशाली विचारलीय." ते बी आईच म्हणत आसंल.

काठीचा मान आमच्या घरात चार पिढ्या हाय. आता तो भाऊबंदाकडं चाललाय, आन् तू म्हणतोस माइकवरनं सांगणार हाय. सांग. तुझा आवाज पहिल्यापासनं चांगला हाय.

वैष्णवीला आशीर्वाद. आमची स्वप्नाली बारावीला हाय.

बिरदेव

•

निमोणे
२ फेब्रुवारी

बिरू,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पाचव्यांदा वाचायचा धीर झाला नाही. मी किती गाढव आहे हे प्रतिभाला लग्नाच्या पहिल्या महिन्यात कळलं होतं, मला बेचाळिसाव्या वर्षी कळतंय.

मला वाटत होतं तू विसरलास. खरं सांगायचं तर तू विसरलास असं मी ठरवून टाकलं होतं. म्हणून आज सगळं लिहून काढतो. कोणाला सांगितलेलं नाही, निदान तुला तरी लिहितो. तुला ठाऊक आहेच, पण माझ्या हातानं लिहिलेलं असू दे.

जानेवारी २००३. नाटकात साहेब आत्याला चुकवायला म्हाताऱ्या जज्जाचं सोंग घेतो, हा प्रवेश तूच घातला होतास. जज्जाला विलायती पांढऱ्या केसांचा टोप पाहिजे. शिरूरला कापसाचा मिळाला, तो घातला की मी जज्ज कमी आणि फाटकी उशी जास्त दिसायचो. आणि तुमच्या सगळ्या काळ्या मेंढरांत एकच पांढरा एडका होता. देवाला सोडलेला. त्याच्या अंगाला कातर लावायची नाही, तो कोणाच्या रानात शिरला तरी हाकलायचा नाही. लोकर लोंबून पार गुडघ्यापर्यंत आली होती त्याची. मला फक्त टोप दिसत होता. गुरुवारी पहाटे तुमच्या छपरातली कातर घेतली आणि त्याची पाठ भादरली. एडका बिचारा उभा राहिला, त्याला माणसांची सवय. पोतं भरून तुझ्याकडं आलो आणि म्हणालो, "बिरू, घोटाळा झाला." तू पोत्यात बघितलंस. हात घालून लोकर चाचपलीस. मग म्हणालास, "सोड माझ्यावर." आणि टोप शिवून दिलास. शनिवारी दुपारी मला पहिला नंबर मिळाला.

रविवारी देवळापुढं बैठक बसली. एडका कातरला कोणी? कातर रखमाजीआबांच्या घरातली. आबांची मान खाली. मग परात आणली. भंडारा मुठीत घेऊन जो बोलेल ते देवासमोर बोललेलं, त्यात खोटं चालत नाही, हे आमच्या घरातल्या लहान पोरालाही ठाऊक. कोणी पुढं व्हायच्या आत तू गेलास. मूठ भरलीस. म्हणालास, "ह्या एडक्याची लोकर मी कातरली." मी लिंबाखाली मोटारसायकलवर बसलो होतो. उरलेल्या लोकरीची पिशवी हँडलला होती. बिरू, मी किक मारली आणि गेलो. बैठक संपेपर्यंतसुद्धा थांबलो नाही.

आठ दिवसांनी थंडीनं एडका मेला.

मी मनाशी म्हणायचो, दोस्तानं दोस्तासाठी केलं. लोकांना तो कप दाखवून गॅदरिंगचे किस्से सांगायचो. किश्शात तुझं नाव यायचं, एडका यायचा नाही.

मी आबांना जाऊन सांगतो. जत्रेआधी, चारचौघांत नको, घरी बसून सांगतो. आत्या शहाऐंशीची आहे, तिला धक्का नको, आणि कमिटीतही उगाच बोंब नको. तू हो म्हण. लगेच जातो.

दत्ता

•

पाटस
२० फेब्रुवारी

दत्ता,

उशीर झाला. काट्यावर दोन माणसं कमी हायत. ते बी खरं, आन् काय लिहावं ते कळंना हे बी खरं.

"घरी बसून सांगतो" म्हणं. वा रे वा. घोटाळा गावात केलास आन् माफी छपरात मागणार.

तू सांगितलंस तर काय व्हईल ते ऐक. लोक म्हणतील बिरदेवनं खोटा भंडारा उचलला. एडका कातरण्यापरीस ते वंगाळ. आबा एक वेळ कातरणाऱ्याला माफ करतील, खोटा भंडारा उचलणाऱ्याला न्हाई.

पर मी खोटा उचलला न्हाई.

हे म्या कुणालाच सांगितलेलं न्हाई, बायकूला बी न्हाई. शनिवारी तू तिकडं शिरूरला जज्ज झाला हुतास. मी हितं छपरात गेलो. उद्या परात येणार हे आईकडनं कळलं हुतं. एडका बांधलेला. पाठ तू वरबाडलेली, चार ठिकाणी कातडं खरचटलेलं. मी त्याच कातरीनं त्याच्या गळ्याखालची लोकर काढली. धा-बारा कातरी. नीट, आबांनी शिकवली तशी. मग मला बोलता येणार हुतं, "ह्या एडक्याची लोकर मी कातरली." खरं बोललो. देवाला फशीवलं न्हाई, आसं तवा वाटलं. लई शहाणा समजायचो सवताला, त्या मालिकेतल्या नोकरावाणी.

दत्ता, मेंढराला पाठीवर थंडी लागली तर सोसतंय. गळ्याखाली, छातीला लागली की न्युमोनिया हुतो. धनगराच्या पोराला हे कळत न्हाई व्हय? मला कळत हुतं. मला फकस्त माझा भंडारा खरा करायचा हुता. तुझ्या कातरीनं तो मेला नसता. माझ्या मेला.

आन् दोस्तीसाठी केलं आसं तू समजतोस, ते बी अर्धंच खरं. तुझ्या वडलांची सोसायटीची निवडणूक हुती. तुझं नाव निघालं असतं तर सावळारामतात्यांनी तोंड कुठं लपवलं असतं? आन् त्यांनी राग कुणावर काढला असता? उन्हाळाभर आमची मेंढरं तुमच्या रानात बसायची. पाणी तुमच्या हिरीचं. तीनशे मेंढरं घिऊन आबा कुठं गेले असते? मी तुला वाचीवलं न्हाई रे. मी आमचं पाणी वाचीवलं.

तवा सांगू नको. तुझं वझं हलकं व्हईल, माझं जिथल्या तिथं ऱ्हाईल.

बिरदेव

•

निमोणे
१६ मार्च

बिरू,

तुझं पत्र आलं त्या दिवशी जेवण गेलं नाही. प्रतिभानं विचारलं काय झालं, मी म्हणालो पित्त. मग रात्री सगळे झोपल्यावर तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बावीस वर्षं मी तो कप पुसतेय." दुसऱ्या दिवशी तिनं पुसला नाही. अजून पुसलेला नाही.

तू सांगू नको म्हणालास, मी सांगितलेलं नाही, शपथ. पण काल तुमच्या घरी जाऊन आलो. निमित्त कमिटीचं, नारळ किती लागतील वगैरे. आबा छपरात कातरायला बसले होते. आता बाराच मेंढरं उरलीत. तुझी आई, बानूमावशी, पाय धरायची आणि आबा कातरायचे. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, पण कातर अशी सरळ जायची की बघत राहावं. मावशी चहा टाकायला उठली तर आबा मला म्हणाले, "धर पाय." धरले. मेंढीनं लाथ मारून माझा चष्मा पाडला. आबा हसले. मला बरं वाटलं, जरा जीव भांड्यात पडला.

मग ते बोलले ते जसंच्या तसं लिहितो. कातरलेल्या मेंढीच्या अंगावर बोट फिरवत म्हणाले, "ह्यो माझा हात. आन् ती पलीकडं हाय ना, ती बानूच्या हातची. कातरलेलं जनावर बघितलं की कुणाचा हात ते कळतं. पोरगं शिकत आसंल तर शिकीवणाऱ्याचा हात बी दिसतो त्यात." मी पाय धरून बसलेलो. मग माझ्या हातांकडं बघत म्हणाले, "तुझे हात मऊच ऱ्हायले, दत्ता. त्या हातांनी कातरलं तर जनावराला चार ठिकाणी खरचटतं."

चार ठिकाणी, बिरू. हा आकडा तू तुझ्या पत्रात लिहिलास. मी कोणाला सांगितला नाही, तू कोणाला सांगितला नाहीस.

चहा आला. मी चहा प्यालो. नारळ एकशे एक सांगितले आणि घरी आलो. आबांनी त्या एडक्याच्या अंगावर दोन हात बघितलेत. मला वाटतं पहिल्या दिवसापासून त्यांना ठाऊक आहे. पाठीवरचा माझा. आणि गळ्याखालचा त्यांनीच शिकवलेला.

आता काय करू? बघ, परत तुलाच विचारतोय. सवय जात नाही.

दत्ता

•

पाटस
२७ मार्च

दत्ता,

तुझं पत्र वाचून काट्यावर एका गाडीचं वजन दोनदा घेतलं. गाडीवान म्हनला, "भाऊसाब, तब्येत बरी न्हाई का?"

आबांना ठावं हुतं, तर मग बावीस वर्सं कशापायी? मला एकदा हाक मारून विचारायचं. कानाखाली मारायची. मी काय उलटून बोललो असतो?

मला लई राग आलाय आन् कुणावर आलाय ते कळत न्हाई.

काय करू म्हणून इचारू नको. आजवर तुझी समदी उत्तरं मी दिली, आन् त्यातलं एक बी धड निघालं न्हाई. सांगू नको म्हणलो हुतो ते मागं घेतो. सांग आसं बी म्हणत न्हाई. तुझं तू बघ.

मी जत्रंला येणार न्हाई.

बिरदेव

•

निमोणे
१४ एप्रिल

बिरू,

परवा जत्रा झाली. तू नव्हतास म्हणून लिहितो. साहेबराव तुला त्याच्या पद्धतीनं सांगेलच, पण माझं आधी ऐक.

सकाळी शोकेसमधला कप पिशवीत घातला. देवळापुढं ही गर्दी. पहिल्या रांगेत खुर्चीवर वच्छलाआत्या. माझ्या हातात यादी. पाहुण्यांची नावं घेतली, वर्गणीदारांची घेतली, मंडपवाल्याचे आभार मानले. खाली ओळ होती, "देवाच्या काठीचा मान." साहेबराव फेटा बांधून तयार. मी माइक धरला आणि आवाजच फुटेना. तू म्हणतोस माझा आवाज चांगला. परवा नव्हता.

मग माइक ठेवून खाली उतरलो. परातीतला भंडारा मुठीत घेतला, परत वर गेलो आणि बोललो. "बावीस वर्षांपूर्वी देवाच्या एडक्याला पहिली कातर मी लावली. नाटकाच्या टोपासाठी. बिरदेव पुढं झाला तेव्हा मी लिंबाखाली होतो आणि पळून गेलो. त्याची शिक्षा माझी होती." तुझ्या गळ्याखालच्या कातरीचं मी बोललो नाही. ते तुझं आहे, मी कोण सांगणारा? कप काढून देवळाच्या पायरीवर ठेवला.

मला वाटलं होतं लोक अंगावर येतील. बिरू, तसं काही झालं नाही. तरण्या पोरांना कळेचना. कोणता एडका, कोणतं नाटक? दोघं-तिघं हसले. एक जण म्हणाला, "एवढंच व्हय?" मागून कोणीतरी ओरडलं, "पुढचं घ्या अध्यक्ष, ऊन झालं!" एवढंच व्हय! त्यांनी दगड मारले असते तर मला बरं वाटलं असतं. तुझी बावीस वर्षं गेली आणि गावाला ती आठवतसुद्धा नाहीत.

म्हाताऱ्या माणसांना मात्र आठवत होतं. आत्यानं पोरांना सांगून खुर्ची फिरवून घेतली आणि माझ्याकडं पाठ करून बसली. अजून बोललेली नाही. साहेबरावनं फेटा काढून हातात घेतला आणि म्हणाला, "मग मला कशाला देताय? ज्याचा आहे त्याला द्या." भला माणूस आहे तो.

आबा उठले. काठी कोणालाच दिली नाही. स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि तो गुडघा ओढत देवळाला पाची फेऱ्या घातल्या. कोणी हात द्यायला गेलं तर हाताला झिडकारायचे. मग परात घेऊन रांगेनं भंडारा लावत आले. मी रांगेत होतो. माझ्यापाशी आले, हात वर केला, आणि मागं घेतला. माझ्या शेजारच्याला लावला.

तू दोन वर्षं हे कसं सोसलंस? मला एकदाच झालं आणि मी देवळामागं जाऊन लहान पोरासारखा रडलो. मला वाटत होतं खरं बोललं की मोकळं वाटतं. अजिबात वाटत नाही. आधी मला एका एडक्याचं वाईट वाटायचं, आता तुझ्या प्रत्येक वर्षाचं वाटतंय.

माफ कर असं लिहिणार होतो. लिहून खोडलं, वर दिसेल तुला.

दत्ता

•

पाटस
२१ एप्रिल

दत्ता,

खोडलेलं वाचलं.

गुरुवारी दुपारी मी घरीच हुतो. सीजन संपलाय. स्वप्नाली पळत आली, "पप्पा, हायवेला एक आजोबा उतरल्यात, तुमचं नाव इचारत्यात." नातीला आजा वळखू आला न्हाई, आन् आज्याला नात. ही बी आमचीच करणी.

आबा एकटे आले हुते. यष्टीनं, शिरूरला गाडी बदलून, त्या गुडघ्यानं. घरात आले न्हाईत. ओट्यावर बसले. पाणी दिलं ते पेले. मी समोर उभा. मी म्हनलो, "आबा, गळ्याखालची लोकर माझी."

"ठावं हाय," म्हनले. "हात माझाच हुता की त्यात."

रस्त्यानं टँकर जात हुते. मग बोलाया लागले ते माझ्याकडं बघून न्हाई, पायातल्या वहाणांकडं बघून. "पाठीवरचा हात कुणाचा ते मला तवाच कळलं. बैठकीत उठून म्हनता आलं असतं, माझ्या पोराचं निम्मंच हाय, निम्मं सावळारामच्या पोराचं हाय. न्हाई म्हनलो. मेंढरं त्यांच्या रानात बसलेली. तू पाण्यापायी बोललास, मी पाण्यापायी गप बसलो. आन् मग तुझ्या कपाळाला हात लावायची मला लाज वाटायची. लोकास्नी वाटलं मी तुला शिक्षा करतोय. तुला बी तेच वाटलं. मी वाटू दिलं."

दत्ता, मी बावीस वर्सं समजत हुतो की आबा माझ्यापाशी येऊन हात मागं घेत्यात ते रागानं.

आन् त्यांनी आणखी एक सांगितलं. एडका खोकाया लागला तवा तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं हुतं, ह्याला झाकाया पायजे. घरात घोंगडं हुतं. पर देवाच्या जनावराला घोंगडं टाकलं तर लोक इचारतील, गळा उघडा कुणी केला? पाठीचं तर समद्यांना ठावं हुतं. गळ्याचं कुणी नीट बघितलं नव्हतं. बघितलं असतं तर म्हनले असते, धनगराच्या पोरानं जाणूनबुजून मारला. मला झाकायला त्यांनी त्याला उघडं ठेवलं. हे सांगताना ते रडले. म्या आबांना रडताना आजी गेली तवा बी बघितलं नव्हतं.

मग धोतराच्या सोग्याची गाठ सोडली. भंडारा आणला हुता. मला वाटलं आता लावतील, म्हणून मी खाली वाकलो. त्यांनी माझा हात धरला, त्यात भंडारा ठेवला, आन् म्हनले, "आधी तू मला लाव."

मी लावला. निम्मा त्यांच्या भुवईवर सांडला. मग त्यांनी मला लावला.

काठी मी पुढच्या वर्सी घेणार हाय. आबा म्हनले, काठी हलकी नसते, आधीच सांगतो.

आता माझं मागणं. प्रत्येक भागात नोकर मागतो म्हणतोस ना, तर मी बी मागतो. नवा एडका देवाला सोडायचाय, पांढराच गावलाय, केंदूरला मिळाला. तो तुझ्या डाळिंबाच्या बागेत ऱ्हाणार. झाडं खाल्ली तरी हाकलायचं न्हाई. दिवाळीपासनं थंडी सरंपर्यंत रोज सांजच्याला तू सवता जाऊन त्याच्या अंगावर घोंगडं टाकायचं, आन् सकाळी काढायचं. गड्याला सांगायचं न्हाई. वैष्णवीला न्हाई. तूच.

त्याला लोकर हाय. घोंगड्याची गरज न्हाई. तरी टाकायचं.

बिरदेव